गाण्याच्या गुरुजींचे एकटेपण



संगीताच्या इतिहासावर व्याख्यान आहे असे कळल्यावर घराणी, दरबार, बिदागी आणि रंगलेल्या मैफली यांच्या गोष्टी ऐकावयास मिळतील अशा अपेक्षेने आपल्यापैकी कित्येकजण आले असतील. त्यांची आम्ही आरंभीच क्षमा मागतो. आज ज्या माणसाविषयी आम्हांस बोलावयाचे आहे त्याची मैफल कोणी ऐकलेली नाही आणि त्याचे छायाचित्र कोणत्या दिवाणखान्यात लागलेले नाही. तो माणूस म्हणजे शाळेतील गाण्याचे गुरुजी. आपण सर्वांनी त्यांना पाहिलेले आहे. शाळेच्या टोकाच्या खोलीत, गुंडाळलेले नकाशे आणि लेझमांचा ढीग यांच्या शेजारी पेटी घेऊन ते बसलेले असतात. पंधरा ऑगस्ट जवळ आला की त्यांना एकाएकी महत्त्व येते, आणि सोळा तारखेला त्यांचा तास गणिताला दिला जातो.

गणिताच्या शिक्षकाला एखादे उदाहरण अडले तर शेजारच्या वर्गात दुसरा गणिताचा शिक्षक असतो. मराठीच्या शिक्षकाचा उच्चार चुकला तर शिक्षकांच्या खोलीत त्याची थट्टा करणारे चारजण असतात, आणि त्या थट्टेनेच तो सुधारतो. गाण्याच्या गुरुजींना शाळेत जोडीदार नाही. पुष्कळदा तालुक्यातही नाही. त्यांचा गंधार बेसूर लागला तर तो सांगणार कोण? मुख्याध्यापकांना गाणे कळत नाही, मुलांना बोलण्याची सोय नाही. अशा स्थितीत एका माणसाने तीस वर्षे नोकरी करावी आणि आपल्या विद्येत वाढत राहावे, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर धरतो? आमचा आजचा विषय एवढाच आहे. तो आपल्या हिंगोली जिल्ह्यापुरता मांडावयाचा, तर आधी हा व्यवसाय आला कोठून, हे पाहिले पाहिजे.

शाळेत गाणे शिकविणारा पगारी मनुष्य ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. गाणे गुरूच्या घरी शिकले जाई, देवळात आणि कीर्तनात कानावर पडे. पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच शहरात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आपण आज ज्या प्रकारच्या सभेत बसलो आहोत ती आणि संगीताची शाळा ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. गावकऱ्यांनी एकत्र बसून शहाणे व्हावे, ह्या एकाच हौसेतून दोन्ही निघाल्या. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष ह्यांनी १८८६ साली गायनशाळा काढली, स्वरलेखनाची पद्धत बसविली आणि पाठ्यपुस्तके तयार केली. पुस्तक आले की वर्ग येतो आणि वर्ग आला की मास्तर लागतो. गाण्याचा मास्तर हा शब्द आपल्या कानांना तेव्हापासून ओळखीचा होऊ लागला.

परंतु ह्या व्यवसायाला खरा पाया घातला तो विष्णु दिगंबर पलुसकरांनी. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकून बाहेर पडलेला हा ब्राह्मण तरुण लाहोरपर्यंत गेला आणि ५ मे १९०१ रोजी त्याने तेथे गांधर्व महाविद्यालय उघडले. एखाद्या संस्थानिकाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर ही शाळा उभी राहिली. १९०८ साली मुंबईस दुसरी शाखा निघाली. पुढे कर्ज झाले, संस्था हातची गेली, तो सारा कष्टमय भाग आपण चरित्रांतून वाचू शकता. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. बुवांनी गवई तयार करण्यासाठी जेवढे श्रम घेतले, त्याहून अधिक शिक्षक तयार करण्यासाठी घेतले. त्यांनी उपदेशक वर्ग काढला. ह्या वर्गातील मुले गुरूपाशी राहात, जेवत, गात, शिकवीत आणि तयार झाली म्हणजे निरनिराळ्या शहरी पाठविली जात. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. बी. आर. देवधरांची मुंबईची शाळा १९२५ पासून चालू झाली होती. ओंकारनाथ ठाकूर शेवटी काशीस स्थिरावले. ही माणसे एकमेकांपासून शेकडो मैल दूर होती. तथापि ती एकाकी नव्हती. एका पंगतीत जेवलेली माणसे होती ती. एकाला एखादी चीज अडली तर दुसऱ्याला पत्र टाकता येई, आणि कोणी आपल्या गायनात नसते चाळे आणू लागला तर त्याचा कान धरण्याचा अधिकार असलेले गुरुबंधू होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ह्या परीक्षांची शिडी आज खेड्यापाड्यांतील मुलांनाही ठाऊक आहे ती ह्या मंडळामुळे. हे उपकार लहान नव्हेत. हिंगोलीसारख्या ठिकाणच्या मुलाला पुण्यामुंबईच्या मुलाबरोबर त्याच कागदावर बसता आले, ही गोष्ट आम्ही फार मोठी मानतो. पण परीक्षेचा कागद टपालाने जातो, पंगत टपालाने जात नाही. उपदेशकाजवळ जे दोन गुण होते, ज्ञान आणि सोबत, त्यांतील पहिला परीक्षेच्या द्वारे दूरवर पोहोचला. दुसरा वाटेत गळाला.

ह्याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे हिंदुस्थानभर हिंडत होते. वकिली सोडून चिजा, ग्रंथ आणि गवयांची मते गोळा करीत फिरणारा हा मनुष्य १९०७ च्या दौऱ्यात हैदराबादेसही आला होता. त्याच संस्थानात तेव्हा आपली हिंगोली होती. त्या भेटीचा आपल्या गावी काही परिणाम झाला असे म्हणावयास मात्र आधार नाही. राजधानीत चाललेली शास्त्रचर्चा गोदावरी ओलांडून आमच्याकडे येण्यास फार वर्षे लागली, आणि आली तेव्हा ती ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या रूपाने आली.

येथे एक बारीकशी पण मोठी मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. पलुसकरांच्या लेखनपद्धतीत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातील स्वराच्या डोक्यावर बिंदू देतात आणि तार सप्तकातील स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. भातखंड्यांच्या पद्धतीत मंद्र स्वराचा बिंदू पायाशी असतो. डोक्यावरचा बिंदू तेथे तार सप्तक दाखवितो, आणि उभी रेघ तीव्र मध्यमावर येते. म्हणजे एकाने खाली उतर म्हणून लिहिलेली खूण दुसऱ्याच्या पुस्तकात वर चढ म्हणून वाचावयाची! शहरातल्या शिक्षकाला ह्याचे काही वाटत नसे. कोणीतरी सांगणारा भेटेच. पण जुन्या बाजारातून एक पुस्तक ह्या पद्धतीचे आणि एक त्या पद्धतीचे मिळालेल्या, एकट्या बसून दोन्ही उलगडणाऱ्या खेड्यातील शिक्षकाची काय अवस्था होत असेल, ह्याची आपण कल्पना करावी. दोन थोर पुरुषांच्या मतभेदाची किंमत कोणी दिली असेल, तर ती अशा माणसांनी दिली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. निजामी राजवटीत माध्यमिक शाळांतून शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांसाठी हैदराबादचे विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईचे योगेश्वरी अशा खाजगी शाळा लोकांनी पदरमोड करून चालविल्या. मातृभाषा टिकविण्यासाठी जेथे झगडावे लागत होते तेथे गाण्याच्या शिक्षकाची जागा ही चैनच ठरावी. तरीसुद्धा त्या काळात गाण्याला शाळेत जे मोल होते ते आज नाही, असे विधान आम्ही करणार आहोत. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. त्यासाठी त्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. एका गाण्यासाठी मुले आपल्या शिक्षणावर पाणी सोडावयास तयार झाली होती. गाणे म्हणणे हे स्नेहसंमेलनातील शोभेचे काम नव्हे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. ह्या स्थित्यंतरात शाळा झपाट्याने वाढल्या आणि मोठ्या गावांच्या शाळांतून संगीताचे शिक्षकही दिसू लागले. मराठवाड्यात त्यांना आधार देणारी ठिकाणे मोजकी होती. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांनी निष्ठेने शिष्य घडविले. नाथराव नेरळकर त्यांचेच. त्यांनी पुढे औरंगाबादेस सरस्वती भुवनच्या महाविद्यालयात संगीत शिकविले आणि २०२१ साली देह ठेवीपर्यंत मराठवाड्याच्या गाण्याचा एक मोठा आधार ते होते. ज्या शिक्षकाला नांदेडास जाऊन येणे शक्य होते त्याला पाठीशी कोणीतरी होते. वसमतकर त्या मानाने सुखी. सेनगावच्या बाजूच्या शिक्षकाला तेच नांदेड किती लांब पडे, हे एसटीच्या प्रवाशांना सांगावयास नको.

नांदेडचे नाव निघाले म्हणून एक तुलना मनात येते. नरहर कुरुंदकर हे आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र. कळमनुरी तालुक्यातील नांदापूर येथे १९३२ साली त्यांचा जन्म झाला. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक असताना त्यांनी जे वाचन केले त्याची कीर्ती सर्वत्र आहे. नाट्यशास्त्रासारख्या ग्रंथावर त्यांनी अधिकाराने लिहिले आणि १९८२ साली औरंगाबादेस एका संगीत समारंभाच्या व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. कुरुंदकरांच्या मोठेपणाबद्दल दुमत नाही. परंतु भाषेचा किंवा इतिहासाचा शिक्षक आडगावी राहूनही पुस्तकांच्या संगतीत वाढू शकतो, हे त्याचे भाग्य आहे. छापील पान त्याच्याशी वाद घालते. गाण्याच्या शिक्षकाला दुसऱ्याचा कान लागतो. आपला आवाज आपणच ऐकून आपण सुधारू, असे म्हणणारा मनुष्य पाच वर्षांत आपल्या चुकांच्या प्रेमात पडतो.

ह्या चुका कशा असतात त्याचे एक उदाहरण आम्ही स्वतःच्या आठवणीतून देतो. आमच्या लहानपणी आमच्या शाळेत गाण्याचे एक गुरुजी होते. गाव औंढ्याच्या बाजूचे. नाव सांगत नाही. गळा गोड, स्वभाव त्याहून गोड. त्यांची पट्टी काळी एक. पुरुषाच्या गळ्याला ती योग्यच होती. समूहगीत त्याच पट्टीत बसविले जाई, आणि गीत तार षड्जाच्या पलीकडे गेले की आम्ही मुले माना वर करून ओरडत असू. गुरुजी म्हणत, जोर लावा. आम्ही जोर लावीत असू. पाहुणे टाळ्या वाजवीत. बावीस वर्षे हे असेच चालले होते. एका वर्षी गावच्या सप्ताहासाठी परगावचे एक वृद्ध पखवाजी आले असताना त्यांनी शाळेतले गीत ऐकले. कार्यक्रम संपल्यावर ते गुरुजींजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “गुरुजी, ही पट्टी तुमच्या गळ्याची झाली. लेकरांच्या गळ्याची कुठं हाये?” गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या सोमवारी त्यांनी पेटीवर काळी चारचा षड्ज धरला आणि तेच गीत पुन्हा बसवावयास घेतले. गाणे आमच्या घशातून मोकळे कसे निघू लागले ते आम्हांला अजून आठवते. त्या तासाच्या शेवटी गुरुजी आम्हांकडे पाठ करून बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होते. तेव्हा आम्हांला त्याचा अर्थ कळला नव्हता. बावीस वर्षांतील किती मुलांना आपण ओरडावयास लावले, हा हिशेब ते करीत असावेत.

एक वाक्य पुरले होते. ते उच्चारणारा मनुष्य भेटण्यास बावीस वर्षे लागली.

आणि तो भेटला कोठे, तर सप्ताहात. येथे आमच्या जिल्ह्याचे वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत असे पाच तालुके मिळून १ मे १९९९ रोजी परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या ११,७७,३४५ भरली, आणि शंभरांतील सुमारे ८५ माणसे खेड्यांत राहणारी. गायनशाळांच्या दृष्टीने हा मुलूख दरिद्री म्हणावा लागेल. पण गाण्याच्या दृष्टीने? नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण मानतो. औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला, अशी परंपरा आहे. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात आहेत आणि ती तेथे रागवार लावलेली आहेत. नांदेडच्या गुरुद्वारात रागी मंडळी ती पदे रागांत गातात. ज्याच्या शब्दांना पंजाबने रागांत बांधून ठेवले त्याच्या गावाजवळच्या शाळेत राग शिकविणारा मनुष्य नसावा, ही गोष्ट आम्हांला बोचते. शिवाय बंजाऱ्यांच्या तांड्यांतून येणारी मुले आपली गाणी घेऊन येतात, कळमनुरीकडील आंध समाजाची मुले आपली. ह्या धनाचे काय करावे, हे कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. एकटा शिक्षक बिचारा ती गाणी बाजूला ठेवतो आणि भूपाचे सरगम काढतो.

तेव्हा ह्या मुलखात गाण्याच्या शिक्षकांची खरी परिषद जर कोणती असेल तर ती हरिनाम सप्ताह होय. सात दिवस गावोगावचे टाळकरी, विणेकरी, पखवाजी, पेटीवाले एका मंडपात येतात. रात्री कीर्तनाला चाल कोणी कशी लावली, पखवाजाने कोठे धरले, कोठे सोडले, ह्याची चर्चा सकाळी चहाच्या वेळी होते. ही चर्चा निर्दय असते. ‘बुवा, काल तुम्ही मालकंस म्हणून जे लावलं ते काय होतं?’ असे चारचौघांत विचारले जाते. शहरातील विद्वानांच्या परिषदांत इतका स्पष्टपणा आम्ही पाहिलेला नाही. कित्येक शाळांतील गाण्याचे गुरुजी दिवसा मुलांना प्रार्थना शिकवून रात्री ह्या मंडपात पेटीवर बसत, आणि त्यांची जी काही वाढ झाली ती तेथे झाली. शाळेच्या दप्तरी ह्या शिक्षणाची नोंद कोठेही नाही. उलट रात्रीच्या जागरणाबद्दल बोलणी खाल्लेले गुरुजी आम्हांला माहीत आहेत.

तथापि सप्ताहाचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. मंडपात गाणे सुधारते, पण साठ मुलांच्या वर्गात तास कसा घ्यावा हे मंडपात कोणी सांगत नाही. बेसुऱ्या मुलाला गप्प बसवावे की गाऊ द्यावे? आवाज फुटू लागलेल्या नववीच्या मुलाला काय म्हणावयास द्यावे? हे प्रश्न फक्त दुसऱ्या शाळाशिक्षकाला विचारता येतात. दुसरी गोष्ट स्त्री शिक्षकांची. कन्याशाळांतून गाणे शिकविणाऱ्या बाईंना रात्री बारापर्यंत मंडपात बसून पखवाजाबरोबर झुंजण्याची मुभा कोणत्या घराने दिली होती? महिला भजनी मंडळे आहेत आणि ती गुणीही आहेत. परंतु परगावचा जाणकार मनुष्य सहज भेटावा आणि त्याने चूक दाखवावी, ही संधी बाईंच्या वाट्याला क्वचितच आली. त्यांचे एकटेपण गुरुजींच्या दुप्पट होते. ह्या विषयावर बोलताना नेहमी ‘गुरुजी, गुरुजी’ असे आपण म्हणतो, आम्हीही आज तसेच म्हणत आलो, त्यात हा भाग झाकला जातो हे कबूल केले पाहिजे.

दूरदेशीही हेच दुखणे होते. अमेरिकेत शाळांतील गायनाची देखरेख करणारे शिक्षक गावोगाव एकेकटे असत. १९०७ साली, म्हणजे भातखंडे हैदराबादेस आले त्याच वर्षी, आयोवा प्रांतातील किओकक नावाच्या लहानशा गावी हेडन नावाच्या एका शिक्षकाने अशा सर्वांना पत्रे पाठवून बोलाविले: या, माझे वर्ग पाहा आणि आपण बोलू. माणसे आली. त्या बैठकीतून पुढे तेथील संगीतशिक्षकांची देशव्यापी संस्था निघाली. हेडन काही मोठा संगीतज्ञ नव्हता. शालेय संगीताचे एक मासिक तो चालवीत असे, आणि त्या मासिकाच्या वाचकांच्या बळावर ही बैठक जमली.

आपल्याकडेही मासिक निघाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाने १९४७ साली ‘संगीत कला विहार’ सुरू केले. देवधर त्याचे संपादक होते. चिजांची स्वरलिपी, गवयांच्या आठवणी, शास्त्रचर्चा, सारे त्यात येई. ज्या शिक्षकाकडे तो अंक येई त्याला महिन्यातून एकदा आपण एका मोठ्या बिरादरीत आहोत असे वाटे. १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने सामूहिक गायनाची शिबिरे भरविली. निरनिराळ्या भाषांतील गाणी शिक्षकांना एकत्र बसवून शिकविण्यात आली. ज्यांना असे शिबिर लाभले ते शिक्षक गाण्यांपेक्षा तेथे भेटलेल्या माणसांविषयी अधिक बोलतात, हा आमचा अनुभव आहे.

आणि परभणीचे रेडिओ केंद्र होते. रेडिओने खेड्यातील शिक्षकाला मोठमोठे गवई घरबसल्या ऐकविले हे खरे, पण त्याच रेडिओने एक अन्यायही केला. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीला मींड येत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. परंतु शाळेच्या शिक्षकाजवळ दुसरे होते काय? तबल्यास तबलजी हवा. पेटी एकट्या माणसाचे वाद्य आहे. एका हाताने भाता, एका हाताने सूर, तोंडाने गाणे आणि डोळ्यांनी मागच्या बाकावरची मुले सांभाळणे, एवढे सगळे जिच्यावर बसून करता येते त्या पेटीला देशाच्या सर्वांत मोठ्या संगीतसंस्थेने तीस वर्षे दारात उभे केले नाही.

आजची स्थिती थोडक्यात सांगतो, कारण ती आपणांस दिसतेच आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण आवश्यक मानले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या शाळांत कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी निदेशकांची तरतूद केली. पण हे निदेशक अंशकालीन, आणि तेही जेथे मुलांची संख्या शंभरावर आहे तेथेच. खेड्यांच्या जिल्ह्यात शंभराची ही अट कितीजणांना बाहेर ठेवते ते ज्याने त्याने आपल्या गावची हजेरी आठवून पाहावे. शिवाय कला म्हणजे बहुधा चित्रकला. पूर्ण वेळचे गुरुजी निदान एका शाळेत एकटे होते. अंशकालीन निदेशकाला शिक्षकांच्या खोलीत खुर्चीसुद्धा हक्काची नसते. जुने संगीतशिक्षक निवृत्त झाले की त्या जागी कोणी आले नाही, अशा शाळा आपल्या माहितीत असतील. आमच्या माहितीत आहेत.

मोबाईलवर आज भीमसेन आणि किशोरी दोघेही मिळतात, स्वरलिपीही मिळते. तरुण शिक्षक त्यावरून पुष्कळ शिकतात आणि त्याबद्दल आम्हांला आनंद आहे. परंतु मोबाईल गातो, ऐकत नाही. त्या पखवाजी बुवांनी आधी ऐकले होते, मग सांगितले.

शेवटी त्या गुरुजींविषयी. ते निवृत्त झाले, नंतर काही वर्षांनी वारले. त्यांच्या मुलाने जुनी कागदपत्रे आवरताना एक वही आम्हांस दिली. ती आज आम्ही बरोबर आणली आहे, सभा संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी पाहावी. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची, शाळेच्या जमाखर्चाला वापरतात तशी. बहुतेक पानांवर समूहगीतांची स्वरलिपी आहे. पहिल्या पानावर शाईने लिहिले आहे: ‘डोक्यावर बिंदू म्हणजे तार. जुन्या पुस्तकात मंद्र. घोटाळा करू नये.’ त्याखाली निराळ्या शाईने, नंतर केव्हातरी लिहिलेली दुसरी ओळ आहे: ‘मुलांना काळी चार.’ आणि प्रत्येक गीताच्या माथ्यावर पूर्वी लिहिलेली ‘काळी एक’ ही अक्षरे एका रेघेने खोडलेली आहेत. वहीत एकूण त्रेचाळीस गीते आहेत, आणि रेघ त्रेचाळीसही ठिकाणी आहे.